ग्रीन कार्डाची सोडत : चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी अर्जाआधी वाचावे असे

पुढे येणारे मोजके अपवाद सोडले तर भारतात जन्मलेल्या माणसाला अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या सोडतीत अर्ज करता येत नाही. बल्लारपूरला जन्मलेल्याला नाही, ब्रह्मपुरीला जन्मलेल्याला नाही, सिरोंच्याला जन्मलेल्यालाही नाही. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण ज्यांना एवढेच कळायला हवे होते त्यांचे पैसे इथेच वाचतील. तुमच्या मोबाईलवर ‘अमेरिकेत कायमचे राहा, लॉटरीचा फॉर्म भरा’ अशी जाहिरात आली असेल, किंवा ओळखीतला कुणी ‘माझा नागपूरचा माणूस करून देतो, पंधरा हजार दे’ म्हणत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: माझा जन्म भारतातला आहे, मग मी पात्र कसा? याचे सरळ उत्तर मिळाले नाही तर तिथून उठून या.

ही सोडत खोटी नाही. ती खरी आहे, आणि खरी असल्यामुळेच तिच्या नावावर फसवणूक चालते. अमेरिकेच्या संसदेने १९९० साली स्थलांतराचा कायदा बदलला, त्यातून ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ नावाची योजना निघाली आणि १९९५ पासून ती सुरू झाली. ज्या देशांतून अमेरिकेत फारसे लोक जात नाहीत, त्या देशांना थोडी वाट मोकळी करून द्यावी, हा तिचा हेतू. कायद्यात वर्षाला ५५ हजार व्हिसा आहेत. त्यातले पाच हजारांपर्यंत दुसऱ्या एका कायद्यासाठी बाजूला काढले जातात. म्हाडाच्या घरांच्या सोडतीसारखीच ही रीत आहे. ऑनलाइन अर्ज, संगणकाने काढलेली नावे आणि त्यानंतर कागदपत्रांची कसून तपासणी. जितके व्हिसा असतात त्याहून बरीच जास्त नावे काढली जातात, त्यामुळे नाव निघालेल्या प्रत्येकाला व्हिसा मिळत नाही.

भारत यात का नाही, याचे कारण साध्या गणितात आहे. मागच्या पाच वर्षांत नातेवाइकांच्या आणि नोकरीच्या वाटेने ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक अमेरिकेत कायमचे स्थायिक झाले, तो देश त्या वर्षीच्या सोडतीतून वगळला जातो. भारतातून एवढे लोक सहज जातात. चीन, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्स, मेक्सिको, व्हिएतनाम हेही याच कारणाने यादीबाहेर असतात. यादी दरवर्षी नव्याने निघते, पण भारताचे नाव वगळलेल्यांत कायम असते.

आता अपवादांकडे येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांत या अपवादांबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज पसरवले जातात, म्हणून इथे जरा थांबतो.

कायदा नागरिकत्व पाहत नाही, जन्म कुठे झाला ते पाहतो. म्हणजे तुमचा पासपोर्ट भारताचा असला, पण वडील मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला असताना तुमचा जन्म तिथे झाला असेल, तर तुम्ही ओमानचे किंवा कुवेतचे म्हणून अर्ज करू शकता. सिमेंट कारखान्यांत, वेकोलीत किंवा महाऔष्णिक वीज केंद्रात नोकरी लागण्याआधी आखातात काही वर्षे काढून आलेली घरे गडचांदूर, राजुरा, भद्रावती, दुर्गापूर या भागांत आहेत. त्यांच्या मुलांचा जन्माचा दाखला एकदा काढून पाहावा. नेपाळमध्ये जन्मून चंद्रपुरात वाढलेला माणूसही पात्र ठरतो, कारण नेपाळ यादीत असतो.

दुसरा अपवाद जोडीदाराचा. नवरा किंवा बायको पात्र देशात जन्मलेली असेल, तर तिच्या जन्मदेशावर दोघांना अर्ज करता येतो. मात्र दोघांची नावे अर्जात हवीत, व्हिसा दोघांना मिळायला हवा आणि अमेरिकेत प्रवेशही दोघांनी बरोबरच करायला हवा. तिसरा अपवाद आईवडिलांचा, पण तो फार अरुंद आहे. आई किंवा वडिलांच्या जन्मदेशावर अर्ज करायचा, तर तुमचा जन्म ज्या देशात झाला तिथे त्या दोघांपैकी कुणीही जन्मलेले नसावे आणि तुमच्या जन्माच्या वेळी तिथले रहिवासीही नसावे. म्हणजे ते तिथे तात्पुरते, कामानिमित्त किंवा पाहुणे म्हणून होते, असेच असायला हवे.

चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या बंगाली गावांशी या तिसऱ्या अपवादाचा संबंध जोडला जातो. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या, ती आता तिसऱ्या-चौथ्या पिढीवर आली आहेत. ‘तुमचे आजोबा बाहेरदेशचे, म्हणून तुमचा फॉर्म बसतो’ असे त्यांच्यातल्या तरुणांना कुणी सांगितले तर ते दोन्ही बाजूंनी खोटे आहे. एक तर त्यांचे आईवडील इथले रहिवासी होते, त्यामुळे अपवादच लागू होत नाही. आणि आजची सीमा धरली तर तो भाग बांगलादेशात येतो, जो स्वतःच यादीबाहेर आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. तिथे भारतात जन्मलेल्या मुलांचा जन्मदेशही कायद्याने भारतच धरला जातो.

कुणी खरोखरच पात्र असेल, तर पुढची रीत अशी. अर्ज फक्त अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर होतो. त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ असते. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ असलेली, झेंडा आणि गरुड छापलेली बाकीची सगळी पाने खासगी आहेत. अनेक वर्षे अर्ज पूर्णपणे निःशुल्क होता. २०२५ मध्ये एक डॉलर नोंदणी शुल्काचा नियम झाला. एका माणसाने वर्षात एकच अर्ज करायचा, दोन केले तर दोन्ही बाद होतात. नवरा आणि बायको मात्र आपापला स्वतंत्र अर्ज करू शकतात आणि एकमेकांचे नाव त्यात घालू शकतात. २१ वर्षांखालच्या सगळ्या अविवाहित मुलांची नावे द्यायलाच हवीत, ती बरोबर जाणार नसली तरी. एखादे मूल विसरले तर मुलाखतीच्या टेबलावर सगळा अर्ज नाकारला जातो. फोटो सहा महिन्यांच्या आतला आणि बिनचष्म्याचा हवा. शिक्षण बारावीपर्यंतचे हवे. ते नसेल तर मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, आणि तोही ज्या कामाला निदान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागते अशा कामाचा.

अर्ज गेला की पडद्यावर एक पुष्टी क्रमांक येतो. तो लिहून ठेवा, त्याचा फोटो काढा, घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवा. पुढच्या मे महिन्यापासून त्याच संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून निकाल पाहायचा असतो, दुसरा मार्ग नाही. तुमची निवड झाली असे अमेरिकी सरकार कुणालाही ई-मेलने किंवा पत्राने कळवत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. नाव निघालेच तर पुढे सविस्तर फॉर्म, पोलीस दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि मुलाखत. मुलाखतीचे शुल्क ३३० डॉलर, आणि व्हिसा त्या आर्थिक वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत मिळाला नाही तर ती संधी गेली. ती पुढच्या वर्षात ढकलली जात नाही.

एक महत्त्वाची गोष्ट अजून. २०२५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी प्रशासनाने ही योजना थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे पात्र माणसानेही कुणाला पैसे देण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या त्याच संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती काय आहे ते स्वतः वाचावे. ‘योजना बंद झाली तरी आमच्या कोट्यातून करतो’ असे म्हणणाऱ्याकडे कसलाही कोटा नसतो.

एजंट काय करतात ते माहीत असलेले बरे. काही जण नुसतेच पैसे घेतात आणि चार महिन्यांनी ‘नाव निघाले नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यात खोटे काय हे सिद्ध करणे अवघड, कारण सोडतीत नाव न निघणे ही नेहमीचीच गोष्ट. काही जण अर्जात जन्मदेश नेपाळ किंवा भूतान टाकून देतात. याचा परिणाम अर्ज बाद होण्यावर थांबत नाही. व्हिसासाठी मुद्दाम खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर माणूस अमेरिकेसाठी कायमचा अपात्र ठरू शकतो. पुढे तो शिकायला, नोकरीला किंवा मुलीच्या बाळंतपणाला जायला निघाला तरी हा ठपका आडवा येतो. आणि सही तुमची असते, एजंटाची नसते. तिसऱ्या प्रकारचे एजंट पुष्टी क्रमांक स्वतःकडे ठेवतात आणि नाव निघाले तर लाखांची मागणी करतात.

यापलीकडचा, चोरट्या वाटेने अमेरिकेत घुसण्याचा मार्ग त्याहून भयंकर आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या घालून परत पाठवलेल्या त्या लोकांत बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते, पण तिघे महाराष्ट्रातले होते. जमीन विकून, सावकाराकडून पैसे उचलून जंगले आणि नद्या ओलांडत गेलेल्या लोकांची ती वाट होती. धानाच्या दोन एकरांवर जगणाऱ्या घराने असा पैसा घालवला तर ते घर पुन्हा उभे राहायला एक पिढी जाते.

मग सोडतीने परदेशात जाण्याची आपल्या मुलांना काहीच वाट नाही का? कायमच्या वास्तव्याची नाही, पण दोन-तीन वर्षे काम करण्याची आहे, आणि ती भारतीयांसाठीच ठेवलेली आहे. दुर्दैवाने तिची जाहिरात कुणी करत नाही, कारण तिच्यात दलालाला मिळण्यासारखे काही नाही.

ब्रिटनने २०२३ मध्ये ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ सुरू केली. १८ ते ३० वर्षांच्या पदवीधर भारतीयांना दोन वर्षे तिथे राहून काम करता येते. वर्षाला ३,००० जागा. सोडत साधारण फेब्रुवारीत आणि जुलैमध्ये निघते, अर्जाची खिडकी जेमतेम ४८ तास उघडी असते आणि त्या अर्जाला शुल्क नाही. नाव निघाले की ९० दिवसांत व्हिसाचा अर्ज करायचा. खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस असल्याचे दाखवावे लागते, म्हणजे आजच्या दराने तीन लाखांच्या आसपास. शिवाय व्हिसा शुल्क आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पौंड. तेव्हा ही वाट फुकट नाही. पण कर्ज काढून आई-बापांना अडकवण्याआधी हिशोब तुमच्या हातात आहे. नोकरी आधी मिळालेली असायची गरज नाही, मुलेबाळे बरोबर नेता येत नाहीत, आणि दोन वर्षांनी परत यायचे असते.

ऑस्ट्रेलियाच्या दोन योजना आहेत. एक ‘वर्क अँड हॉलिडे’, २०२४ पासून भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा. दुसरी ‘मेट्स’, ३,००० जागांची. ‘मेट्स’ आपल्या मुलांनी मुद्दाम पाहावी, कारण तिच्या विषयांत नवीकरणीय ऊर्जा, माहिती तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीबरोबर खाणकामही आहे. चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मायनिंग शिकलेली मुले वेकोलीची आणि सुरजागडची वाट पाहत बसतात, त्यांना हे माहीत असायला हवे. अडचण अशी की, पदवी केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर विद्यापीठांतली हवी आणि अलीकडच्या दोन वर्षांतली हवी. म्हणून गोंडवाना विद्यापीठाच्या पदवीधराने आपली संस्था यादीत बसते का हे आधी तपासावे. दोन्ही सोडतींचे नोंदणी शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. याहून जास्त पैसे मागणारा माणूस सरकारचा नाही.

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचीही सोडत असते, वर्षाला ८५ हजार जागांची. ती अर्जदाराने भरायची नसते, नोकरी देणारी कंपनी भरते. ‘एच-१बीचा फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या नेट कॅफेवाल्याचा त्यात काही हात नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने बोलावलेल्या माणसामागे कंपनीवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले, त्यामुळे ही वाट आणखी अरुंद झाली. अमेरिकेत भाऊ किंवा बहीण नागरिक आहे म्हणून ग्रीन कार्डाचा अर्ज केलेली घरेही आहेत. भारतीय भावंडांची ती रांग २०२५ मध्ये २००६ सालच्या अर्जांपाशी होती.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यांतल्या मुलांसाठी सगळ्यात भक्कम वाट शिक्षणाचीच आहे, आणि हे मी हवेत बोलत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावचे डॉ. भास्कर हलामी कसनसूरच्या आश्रमशाळेत शिकले, मग केळापूरच्या विद्यानिकेतनात, पुढे गडचिरोली आणि नागपूरला. मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतून त्यांनी पीएच.डी. केली आणि अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये आरएनए औषधांवर संशोधन करणाऱ्या कंपनीत शास्त्रज्ञ झाले. लहानपणी घरात धान्य नसायचे तेव्हा मोहफुले शिजवून खाल्ल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्यांचे नाव कुठल्याही सोडतीत निघाले नव्हते.

अशी वाट चालायला सरकारी मदत आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला २० जणांना मिळते, आणि त्यातल्या ३ जागा खास अतिमागास आदिम जमातींसाठी राखून ठेवलेल्या आहेत. महाराष्ट्रात अशा जमाती तीन आहेत: माडिया, कोलाम आणि कातकरी. म्हणजे भामरागड, एटापल्लीच्या माडिया मुलामुलींसाठी आणि जिवती, कोरपन्याच्या कोलामांसाठी देशाच्या यादीत वेगळी जागा आहे. संपूर्ण देशात अशा तीनच जागा, हे कमी आहे हे खरे. पण अर्जच गेला नाही तर त्या जागाही दुसरीकडे जातात. राज्याचा आदिवासी विकास विभागही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. चौकशी चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी किंवा भामरागडच्या प्रकल्प कार्यालयात करावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची, ती समाजकल्याण आयुक्तालयामार्फत चालते. जाहिरात निघते तेव्हा मुदत थोडी असते. तोवर प्रवेशपत्र हातात असायला हवे, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच तयारी लागते.

वाट कुठलीही असो, कागद एकच असतात आणि ते गोळा करायला आपल्याकडे जास्त वेळ लागतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधी अहेरीला किंवा धानोऱ्याला जन्मलेल्याच्या कागदावर जिल्हा चंद्रपूर असतो, त्याहून जुन्या कागदावर चांदा. हे चुकीचे नाही, पण एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले की परदेशी अधिकारी अडखळतो. पासपोर्टचा फॉर्म भरताना जन्मगाव, तालुका आणि जिल्हा जन्मदाखल्यावर आहे तसाच लिहा.

घरीच बाळंतपण झालेल्या कित्येकांच्या जन्माची नोंदच नाही. शाळेत गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जूनची जन्मतारीख आणि आधारावरची तारीख वेगळी, हेही नेहमीचे. जन्माची नोंद वर्षाहून जास्त उशिराने करायची तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मागा. हा दाखला पुढे व्हिसाच्या कामातही लागतो: जन्मदाखला नसेल तर अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीला शाळेची टीसी वगैरे पुरावे दाखवता येतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या पासपोर्टला तर जन्मदाखल्याशिवाय दुसरा पुरावा चालत नाही. ज्यांच्या घरात आता बाळ आहे त्यांनी २१ दिवसांच्या आत नोंद करावी, एवढे एक काम आजच करता येते.

नावांचेही तसेच. आत्राम, मडावी, तलांडी, उसेंडी, इंग्रजीत लिहिताना एका कागदावर एक ‘ए’, दुसऱ्यावर दोन. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे गायब. टीसी, दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखे हवे. फरक मोठा असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. समाजाच्या रीतीने लग्न झाले असेल तर विवाह नोंदणी करून घ्या. परदेशी कार्यालय लग्नाचा फोटो आणि पत्रिका पुरेशी मानत नाही. पासपोर्ट नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो, साध्या ३६ पानी पुस्तिकेचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि त्यासाठी एजंटाची मुळीच गरज नसते. सेतू केंद्रात बसून भरला तरी फॉर्म तुमच्या डोळ्यांसमोर भरून घ्या आणि जमा करण्याआधी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या.

आखातात किंवा इतरत्र नोकरी लावून देणारा एजंट असेल तर तो १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला हवा. त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घ्यायचे असतात. पावती द्यायला नकार देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका आणि मूळ टीसी किंवा पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

आणि पैसे आधीच गेले असतील तर लाजून घरात बसू नका, ‘शिकलेला असून फसलो’ हा विचार बाजूला ठेवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सअॅपचे संदेश, एजंटाचा नंबर जपून ठेवा आणि लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फोन जितका लवकर कराल तितकी समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत मागून घ्या.